गप्प बसणाऱ्यांचा फोन

मी एक जुना बटणांचा मोबाईल आहे, मित्रांनो. जुना म्हणा, माझी ना नाही. पण 'डबा' म्हणू नका. तो शब्द मी फार ऐकलाय, आणि ज्यांनी ज्यांनी तो वापरला, त्यांचे स्वतःचे चकचकीत फोन दोन-दोन वर्षांत भंगारात गेले. मी चोवीस वर्षांचा आहे. एकदा जिन्यावरून गडगडलोय, एकदा बसच्या दारातून बर्फात पडलोय, आणि एकदा तर सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीच्या, पायरीवर पडून राहिलोय, तेही तापलेल्या. पाठीवर एक लांब चरा आहे, सातचा आकडा पुसट झालाय. बाकी तब्येत ठणठणीत.

माझा जन्म फिनलंडच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका लहानशा गावात झाला. गाव कसलं, कारखाना आणि त्याच्याभोवती राहणारी माणसं. सकाळी सहाला सायकलींची रांग लागायची. आमचा पट्टा सरकत असायचा आणि आम्ही त्यावर अर्धेमुर्धे, उघड्या अंगानं पुढे जायचो. मला आठवतो तो पहिला स्पर्श मार्युत नावाच्या बाईंचा. त्यांचं काम बटणं बसवण्याचं. बटणं बसवून झाली की त्या प्रत्येक फोनचं पाचचं बटण अंगठ्यानं एकदा दाबून बघायच्या.

"अहो, पुढे मशीन तपासतंच की सगळं," देखरेखीवरचा माणूस म्हणायचा.

"मशीनला अंगठा नाही," मार्युत म्हणायची, आणि पुढचा फोन उचलायची.

आता बघा, मी तिला लगेच अरेतुरे करायला लागलो. पण ती माझी आईच म्हणायची की. इतर लाखभर भावंडं पेट्यांत बसून जगभर गेली. मला मात्र मार्युतनंच विकत घेतलं आणि स्वतःच्या घरी नेलं, पंधरा वर्षांच्या मुलासाठी. त्याचं नाव ओस्सी.

ओस्सी दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा. त्यातले चार सौनात.

"कोणाला फोन करणार आहेस तू?" मार्युतनं मला त्याच्या हातात ठेवताना विचारलं. "जिन्यात शेजारीण दिसली तर ती जाईपर्यंत दाराआड उभा राहतोस. मी बघितलंय."

"बघू," ओस्सी म्हणाला. झाला ना एक शब्द खर्च!

आमच्या भागात ओस्सीसारखे पुष्कळ होते. खरं सांगायचं तर बहुतेक सगळेच तसे होते. कारखान्यातल्या मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी मला बोलण्यासाठी बनवलं होतं. निरोप टाईप करायची सोय त्यांनी आपली जाता जाता दिली होती. पोरांनी मला हातात घेतलं आणि ठरवलं, बोलायचं नाही, लिहायचं. त्यांना कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही. एका हिवाळ्यात सगळ्या शाळेचे अंगठे पटापट चालायला लागले. मोठी माणसं चक्रावून गेली. ज्या मुलांच्या तोंडून 'हो' काढायला दोन दिवस लागायचे, ती आता एका निरोपाच्या एकशे साठ अक्षरांत मावेनाशी झाली होती.

ओस्सीच्या बसमध्ये हेली नावाची मुलगी होती. ती तीन बाकं पुढे बसायची. ओस्सी मागच्या बाकावरून तिला निरोप पाठवायचा आणि ती पुढच्या बाकावरून उत्तर द्यायची. उतरताना मात्र दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत. माझ्या पोटात एका वेळी दहाच निरोप मावायचे. अकरावा आला की एक पुसावा लागे. ओस्सीचा जीव धजेना. मग त्यानं गणिताची चौकटीची वही घेतली, आणि पुसण्याआधी हेलीचा प्रत्येक निरोप त्यात उतरवून ठेवायला लागला, तारीख आणि वेळेसकट. गणितात नापास झाला त्या वर्षी. वही मात्र भरली.

आणि एक दिवस हेलीचा निरोप आला. "उद्या टाईप करू नकोस. फोन कर."

झालं! ओस्सीच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या गेला, परवा गेला. आठ दिवस तो मला हातात घ्यायचा आणि ठेवायचा. नवव्या दिवशी तो होड्या ठेवायच्या शेडमध्ये गेला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. नंबर दाबला. हेलीनं उचलला.

"हॅलो," ओस्सी म्हणाला. आणि संपलं. कागद हातात, तोंडातून शब्द नाही. मी तर घाबरूनच गेलो. मला वाटलं माझ्यातच काही बिघडलं. पहिलाच मोठा कॉल, आणि माझ्यातून काही जातच नाहीये! पण जात होतं, मित्रांनो. त्याचा श्वास तिकडे जात होता आणि तिचा इकडे येत होता. दोन मिनिटं तसंच चाललं. तिनं फोन ठेवला नाही. मग ती खुदकन हसली आणि म्हणाली, "बरं झालं केलास."

पुढे त्या दोघांनी लग्न केलं. त्याचं सगळं श्रेय मी घेत नाही. निम्मं घेतो.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. रंगीत पडद्यांचे फोन आले, मग फोटो काढणारे, मग ज्यांना बटणंच नाहीत असे. ओस्सीनं मला जुन्या बॅटऱ्यांच्या पिशवीत टाकलं. मी त्याला दोष देत नाही, सगळेच तसं करत होते. पण त्याच सुमाराला कारखानाही बंद झाला. मार्युत शेवटच्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. दारातल्या पिशवीत तिला मी दिसलो. तिनं मला बाहेर काढलं, पाचचं बटण एकदा दाबलं आणि लोकरीच्या एका मोज्यात घालून ठेवलं. सोबत माझा चार्जर आणि एक न उघडलेली बॅटरी.

आमच्याकडे घरातली जुनी वस्तू कोणी टाकत नाही, तळ्याकाठच्या लाकडी घरात पाठवतात. मोडक्या खुर्च्या, विजोड कप, सगळं तिकडेच. मीही गेलो. मेणबत्त्या, दोऱ्या आणि एक गंजका गळ यांच्या शेजारी, खणात. उन्हाळ्यात कोणी आलं की खणाच्या फटीतून आवाज यायचे. एक लहान मुलगी रडायची, बोबडं बोलायची, मग पोहायला लागली. तिचं नाव हिल्ला. ओस्सी आणि हेलीची मुलगी. तिच्याबरोबर नेहमी आणखी एक आवाज असायचा, इन्काचा. इन्का शेजारच्या घरातली. दोघी धक्क्यावरून पाण्यात उड्या मारायच्या आणि इन्काचे बाबा तिथंच बसून मासे साफ करत ओरडायचे, "अगं, आतडी आहेत इथं, बघून उड्या मारा!"

मग एका उन्हाळ्यात हिल्लाचा एकटीचाच आवाज आला. तोही फारसा नाही.

जुलैमधला दिवस होता. खण उघडला आणि मोज्यात एक हात शिरला.

"आजी, हे काय आहे?"

"हात पुसून हात लाव त्याला," मार्युतचा आवाज आला. केवढा म्हातारा झाला होता तो आवाज! "मी बनवलाय तो."

"तू? अख्खा?"

"बटणं मी. बाकीचं कारखान्यानं."

हिल्ला आता पंधरा वर्षांची होती. बापासारखे खाली पडलेले खांदे आणि आईसारखी हनुवटी. तिनं मला उलटंपालटं करून बघितलं. "चालतो का गं?"

"मला काय विचारतेस? पाचचं बटण दाब."

तिनं दाबलं. किती वर्षांनी, काय सांगू तुम्हाला! बटण खाली गेलं आणि टचकन वर आलं. मार्युतची मान ताठ झाली.

नवी बॅटरी बसवली, चार्जर लावला. आतमध्ये ओस्सीचं जुनं कार्ड तसंच होतं. पडद्यावर चार आकड्यांचा प्रश्न आला. ओस्सी लाकडं फोडून आत आला होता. त्यानं मला हातात घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बघत अंगठ्यानं चार आकडे दाबले. डोकं विसरलं असेल, अंगठा विसरला नव्हता. मी हिरवागार उजळलो.

"यात निरोप आहेत!" हिल्ला ओरडली. "दहा! आईचे!"

"दे इकडे," ओस्सी म्हणाला. लाल झाला होता कानापर्यंत.

"'तू बसमध्ये बोलत का नाहीस?'" हिल्ला मोठ्यानं वाचू लागली. "'आज तुझी टोपी उलटी होती.' बाबा, ही तर प्रेमपत्रं आहेत!"

"ती टोपीबद्दल माहिती आहे," ओस्सी म्हणाला. बाहेर पायरीवर बसलेली हेली हसून हसून बेजार झाली. पण शेवटचा निरोप वाचताना हिल्लाचा आवाज खाली आला. "'उद्या टाईप करू नकोस. फोन कर.'" तिनं तो पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला. मला कळतं ते, अंगठा बटणावर किती वेळ थांबतो त्यावरून.

दुपारी ती आजीबरोबर पायरीवर बसून नवे बटाटे ब्रशनं घासत होती. मी तिच्या मांडीवर होतो. आणि मग तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडे असंच असतं, हाताला काम असलं की तोंडाला थोडी वाट मिळते.

मार्चमध्ये इन्काचे बाबा गेले. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसले होते, तिथंच हृदय थांबलं. दोन आठवड्यांत इन्का आईबरोबर मावशीकडे राहायला गेली, कुओपिओला, चार तासांवर.

"मी तिला एक हृदयाचं चित्र पाठवलं," हिल्ला म्हणाली. "तिनं अंगठा पाठवला. मग मी तिला शांत राहू दिलं."

"किती दिवस?"

"चार महिने."

मार्युतचा ब्रश थांबला.

मित्रांनो, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण आमच्या लोकांत हा चांगुलपणा समजला जातो. कोणावर दुःख कोसळलं की त्याच्या वाटेला जायचं नाही. त्याला शांत राहू द्यायचं. न बोलावता जाणं, न विचारता बोलणं, हे आगाऊपणाचं. हिल्लानं वाईट काही केलं नव्हतं. तिला लहानपणापासून जे शिकवलं, तेच केलं होतं.

"मी रोज लिहायला घेते," ती म्हणाली. "लिहिते आणि पुसते. काय लिहू? पण त्या फोनमध्ये समोरच्याला दिसतं गं, की ही टाईप करतेय. तिला रोज दिसत असणार. हिल्ला टाईप करतेय, हिल्ला टाईप करतेय, आणि मग काहीच नाही. आता ती बघतच नाही. शिबिराच्या ग्रुपवर एका दिवसात चारशे बारा निरोप आले, आजी. चारशे बारा! सगळे आले, तिचाच नाही. मला तो फोन हातात धरवत नाही."

चर्चचं शिबिर म्हणजे पंधराव्या वर्षी आमच्याकडची जवळजवळ सगळी मुलं जातात ते. दोघींनी जोडीनं जायचं, असं त्या सहा वर्षांच्या असल्यापासून ठरलं होतं.

मार्युतनं हातातला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "कारखाना बंद झाला तेव्हा मलाही सगळ्यांनी शांत राहू दिलं होतं. शेजाऱ्यांनी, माझ्या सख्ख्या बहिणीनं. पट्ट्यावर पंधरा वर्षं शेजारी बसणाऱ्या बायकांनी. फार चांगली माणसं सगळी. तीन महिने कोणी दार वाजवलं नाही. मी कॉफीच्या किटलीशी बोलायला लागले होते."

"मग तू का नाही कोणाला फोन केलास?"

"मीपण त्यांना शांत राहू देत होते ना, वेडे!"

दोघी हसल्या, पण हिल्लाचे डोळे भरले होते. तिनं ओल्या हातांनीच मला उचललं. "मला हा फोन दे. वापरायला."

आणि रात्रीच्या जेवणाला घरात पंचायत बसली.

"बसचं तिकीट कुठून काढशील?" ओस्सीनं विचारलं.

"ड्रायव्हरकडून."

"शाळेच्या सूचना?"

"लॅपटॉप आहे की."

"रस्ता चुकलीस तर?"

"विचारीन कोणाला तरी."

"अनोळखी माणसाला?" ओस्सीचा काटा हवेतच थांबला.

"बाबा, तू पंधरा वर्षांचा असताना तुला आजीनं हाच फोन दिला तेव्हा लोक काय म्हणाले होते?"

"म्हणाले, आता ही पोरं बोलायची विसरतील," मार्युत बटाट्याला लोणी लावत म्हणाली. "आधी कुठं बोलत होती, देव जाणे."

हेलीनं वाद मिटवला. "वापरू दे. नवा फोन तिच्या बॅगेत राहील, लागला तर काढेल." ओस्सीला ते पटलं नाही. पण अकरा शब्द संपले असावेत, गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून नवं कार्ड आणलं. हिल्लानं नव्या फोनमधले नंबर माझ्यासाठी कागदावर उतरवायला घेतले. तिथं दोनशे नावं होती. ती एकेका नावावर थांबायची आणि स्वतःशीच म्हणायची, "हा कोण बुवा?" शेवटी कागदावर सहा नंबर उरले. सहावा इन्काचा.

आमच्या त्या घरी मला रेंज मिळते ती फक्त धक्क्याच्या टोकाला. हिल्ला मला घेऊन तिथं गेली. तिनं इन्काचे आकडे दाबले, सातव्यावर थांबली आणि खोडले. पुन्हा दाबले, पुन्हा खोडले. त्या दिवशी परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्या घामानं माझी बटणं ओली झाली होती. मला ओस्सीची होड्यांची शेड आठवत होती. वाटत होतं, बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, पोरी, तुझ्या बापाला आठ दिवस लागले होते, तू दोनच घेतलेयस. पण माझं नशीब बघा, जन्म बोलण्यासाठी आणि स्वतःला बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मार्युत काठी टेकत धक्क्यापर्यंत आली.

"बटणं नीट चालतात," ती म्हणाली. "मी स्वतः तपासलीयत. फोन अडकत नाहीये, हिल्ला. तू अडकतेयस."

"ती म्हणाली, आत्ता आठवण झाली का, तर?"

"तर म्हणायचं, हो."

मार्युत वळली आणि परत चालायला लागली. मागे बघितलंही नाही तिनं. हिल्लानं डोळे मिटले आणि हिरवं बटण दाबलं.

घंटी वाजली, वाजत राहिली आणि बंद झाली. कोणी उचललं नाही. उचलणार तरी कसं? नंबर अनोळखी! आजकालची मुलं अनोळखी नंबर दिसला की फोनकडे साप दिसल्यासारखं बघतात. हिल्लाचा चेहरा पडला. पण मग तिनं नेटानं माझी बटणं दाबायला घेतली. एका अक्षरासाठी कधी तीनदा, कधी चारदा दाबावं लागतं, सवय नव्हती. बारा शब्दांना पाच मिनिटं लागली. "मी हिल्ला. हा आजीनं बनवलेला फोन आहे. यातून फोन करतेय. उचल ना."

आणि या खेपेला, मित्रांनो, हिल्ला टाईप करतेय हे तिकडे कोणाला दिसलं नाही. पोचला तो सरळ निरोपच.

तिनं पुन्हा नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काय झालं?" इन्काचा आवाज. चिरकलेला, घाबरलेला. "कोण गेलं?"

आमच्याकडे तरुण मुलं एकमेकांना फोन करतच नाहीत. फोन येतो तो संकटाचाच. इन्काला मार्चमध्ये असाच एक आला होता.

"कोणी नाही," हिल्ला म्हणाली. "कोणी नाही गेलं. मीच आहे."

आणि गप्प झाली.

तिकडे इन्काही गप्प. मी कान टवकारून बसलो. या खेपेला मी घाबरलो नाही, मला अनुभव होता. मी माझं काम करत राहिलो. हिल्लाचा श्वास तिकडे, इन्काचा इकडे. धक्क्याखाली पाणी लाकडावर चुबुक चुबुक आपटत होतं, तेही पाठवलं. एक मिनिट झालं. दोन झाली. ओस्सी आणि हेलीचा विक्रम मोडला. तीन झाली. माझ्या पडद्यावर आकडे पुढे सरकत होते आणि हिल्लाच्या गालावरून पाणी माझ्या चौकटीवर टपकत होतं. चार मिनिटं आणि अकरा सेकंद झाली तेव्हा इन्का बोलली.

"पाण्याचा आवाज येतोय."

"धक्क्यावर आहे मी."

"टोकाला?"

"हो."

"बाबा तिथं मासे साफ करायचे."

"अजून खवले चिकटलेत फळ्यांना," हिल्ला म्हणाली. "मी निघू दिले नाहीत. माझे बाबा घासायला निघाले होते, मी भांडले."

मग इन्का रडली. मोठ्यानं, हुंदके देऊन. हिल्लानं "रडू नकोस" म्हटलं नाही, तिला ते सुचलंच नाही. नुसती धरून राहिली मला, दोन्ही हातांनी.

"मी तुला शांत राहू दिलं गं," शेवटी ती म्हणाली. "मला वाटलं तुला तेच हवं असेल."

"सगळ्यांनीच दिलं," इन्का नाक ओढत म्हणाली. "शाळेनं, शेजाऱ्यांनी. मला नको होती ती शांतता. तू टाईप करताना दिसायचीस, मी फोन हातात धरून बसायचे, आणि मग बंद. रोज वाटायचं, आज येईल."

"मला सुचायचंच नाही काय लिहू."

"आत्ता तरी कुठं सुचतंय?"

"नाही सुचत."

"मग?"

"मग काय. ठेवू का फोन?"

"खबरदार ठेवलास तर," इन्का म्हणाली. "गप्प बस हवं तर. ही शांतता चालेल, ही ऐकू येतेय."

माझी बॅटरी इतकी वर्षं न उघडता पडलेली होती. पाऊण तास झाला आणि तिची एकच रेघ उरली. जीव मुठीत धरून मी टिकलो. धावणारा माणूस शेवटच्या चढावर टिकतो ना, तसा. शाळेचं, मावशीच्या मांजराचं, नव्या गावातल्या पोरांच्या वेड्यावाकड्या बोलीचं सगळं बोलून झालं. इन्का एकदा हसलीसुद्धा. "मी ऑगस्टच्या शिबिराला नाव देते, तू मला आणायला येशील ना?" हे तिनं विचारलं, हिल्ला "येईन" म्हणाली, आणि मगच मी मान टाकली. एक सेकंदही आधी नाही. याचा मला मरेपर्यंत अभिमान राहील.

पुढचं थोडक्यात सांगतो. शाळा सुरू झाली तेव्हा माझी भरपूर टिंगल झाली.

"हा काय दगड घेऊन फिरतेस?" वर्गातल्या एकीनं विचारलं. "माझ्या आजीकडेसुद्धा यापेक्षा नवा आहे."

"माझ्या आजीनंच बनवलाय," हिल्ला म्हणाली. दोघी-तिघींनी लगेच पाचचं बटण दाबून बघितलं, पुन्हा पुन्हा. टचकन आवाज होतो, तो त्यांना फार आवडला. एका मुलीनं स्वतःसाठी असाच जुना फोन शोधून आणला आणि आठवड्यात कंटाळून परत नव्यावर गेली. दुसरीनं ठेवला. इन्कानं तर आपला मोठा फोन मुळीच सोडला नाही. तिला बाबांचे फोटो त्यातच बघायला आवडतात. हिल्लाचा नवा फोनही बॅगेत असतो, तिकिटापुरता आणि नकाशापुरता. मला त्याचा राग नाही. आम्ही दोघं एका बॅगेत शेजारी-शेजारी असतो आणि तो दिवसभर आपला थरथरत असतो बिचारा, कोणाकोणाच्या निरोपांनी. मला कीव येते त्याची.

कोणतं यंत्र घ्यायचं आणि कोणतं टाकायचं, ते मुलं आपली आपण ठरवतात. मला बोलायला बनवलं तर ओस्सीनं लिहायला घेतलं. सगळं जग लिहायला लागलं तेव्हा त्याच्याच मुलीनं मला बोलायला घेतलं. मार्युतला याचं भारी कौतुक वाटतं. परवा तिच्या जुन्या मैत्रिणीचा, पट्ट्यावर शेजारी बसणारीचा, नंबर तिनं हिल्लाकडून माझ्यावर लावून घेतला. बारा वर्षांनी. दोघी पहिलं मिनिटभर नुसत्या खोकल्या.

मी किती दिवस आहे, ठाऊक नाही. माझ्यासारख्यांना लागणाऱ्या जुन्या लहरी काही वर्षांत बंद होणार, असं ओस्सी सांगत होता. तेव्हा मात्र मी खरोखरच डबा होईन आणि परत मोज्यात जाईन. चालेल. लोकरीचा आहे, ऊबदार आहे. म्हणून मला जपा, पुसून ठेवा, असलं काही मी मागणार नाही.

एकच मागतो, मित्रांनो. तुमच्या ओळखीचं कोणी असेल, ज्याला तुम्ही खूप दिवस शांत राहू दिलंय. त्याला फोन लावा. फोन कुठलाही चालेल, माझ्यासारखा असो की नवा. काय बोलायचं ते कागदावर लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही, मी दोन पिढ्या बघितल्यात. हॅलो म्हणा आणि धरून राहा. शांतता आम्ही नीट पोचवतो.

दर रविवारी दुपारी गावातल्या घरी हिल्ला बटाटे घासायला बसते आणि मला पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवते. ओस्सी जाता-येता विचारतो, "तासभर काय बोलता गं एवढं?" ती म्हणते, "काही नाही." आणि खरंच, पुष्कळदा काही नाही.

आज रविवारच आहे. तिनं ब्रश हातात घेतलाय. थांबा, वाजलो मी. इन्काच असणार.